कागद धन्याचा, भवितव्य चाकराचें

मुलगा ऑस्ट्रेलियांत नोकरीस लागला, असें वर्तमान घरीं आलें म्हणजे आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांस आनंद होतो. पगाराचा आंकडा विचारला जातो. तो रुपयांत किती होतो याचा हिशेब मांडला जातो. तिकडे थंडी किती, भाजीपाला कसा मिळतो, याचीही चौकशी होते. परंतु एक प्रश्न फारच थोड्या घरांतून विचारला जातो. तो असा कीं, आपला मुलगा त्या देशांत ज्या कागदाच्या आधारानें राहतो, तो कागद कोणाच्या हातांत आहे? प्रश्न दिसावयास नीरस आहे खरा. पण पुढेंमागें सबंध संसार उभा राहणें वा मोडणें ज्या गोष्टीवर अवलंबून असतें, तिचें ज्ञान घरांतील वडील मंडळींस असूं नये, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून मालकाच्या शिफारशीवर मिळणारा व्हिसा, ती शिफारस सरकारनें नाकारल्यास होणारें अपील, आणि त्या अपिलांत कामगाराची होणारी स्थिति, ह्या तीन गोष्टींचा विचार आम्हीं आज योजिला आहे.

विषय परदेशाचा असला तरी परका नाहीं. २०२१ सालच्या ऑस्ट्रेलियन खानेसुमारींत भारतांत जन्मलेल्यांची संख्या ६ लक्ष ७३ हजारांवर भरली. परदेशांत जन्मलेल्या लोकांत इंग्लंडच्या खालोखाल दुसरा क्रमांक त्यांचाच लागला. त्यांत आमच्या पुण्यामुंबईकडील संगणकतज्ज्ञ, इंजिनियर, परिचारिका, आचारी असे सर्व प्रकारचे लोक आहेत. सिडनी आणि मेलबर्न येथें मराठी मंडळींचे गणेशोत्सव होतात. तेव्हां ह्या विषयाची झळ आपल्या ओळखीच्या एखाद्या घरास लागणारच नाहीं, असें कोणींही समजूं नये.

कुशल कामगारानें मालकाच्या मार्फत तेथें जाण्याची जी रीति आहे, तिला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मालक सरकारकडून प्रायोजक म्हणून मान्यता मिळवितो. म्हणजे आपली पेढी कायदेशीर आहे व ती खरोखर चालू आहे, हें तो दाखवितो. दुसऱ्या पायरीवर तो एक विशिष्ट जागा आणि त्या जागेसाठीं एक विशिष्ट मनुष्य सरकारास सुचवितो. यास तिकडे नॉमिनेशन म्हणतात. आपण त्यास नामनिर्देशन म्हणूं. तिसऱ्या पायरीवर तो मनुष्य स्वतःच्या नांवानें व्हिसाचा अर्ज करतो. तात्पुरत्या व्हिसाचा क्रमांक १९९६ पासून ४५७ होता. मार्च २०१८ मध्यें त्याच्या जागीं ४८२ आला. आणि ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच क्रमांकाखालीं ‘स्किल्स इन डिमांड’ नांवाची नवी योजना सुरू झाली. कायमच्या वास्तव्याचा जो १८६ क्रमांकाचा व्हिसा आहे, त्यालाही मालकाचें नामनिर्देशन लागतेंच. मधली पायरी निखळली कीं तिसरीवर पाय ठेवतांच येत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं आरंभींच ध्यानांत धरावी.

नामनिर्देशन मंजूर करण्यापूर्वीं सरकारी अधिकारी काय पाहतो? जें काम दाखविलें आहे तें सरकारी यादींत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहिलें जातें. डिसेंबर २०२४ च्या यादींत असे ४५६ व्यवसाय होते. पुढें, त्या पेढीस ह्या मनुष्याची खरोखर गरज आहे काय, कीं केवळ त्याला देशांत ठेवण्यासाठीं जागा कागदावर निर्माण केली आहे, हें पाहिलें जातें. त्याच गांवीं तेंच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन मनुष्यास जो पगार मिळेल त्याहून कमी पगार देतां येत नाहीं. शिवाय पगाराची एक किमान मर्यादाही ठरलेली आहे. ही मर्यादा २०१३ पासून दहा वर्षें ५३,९०० डॉलरांवर तशीच पडून राहिली. ह्या काळांत महागाई कांहीं थांबली नव्हती. म्हणून स्वस्त मजूर आणण्याची वाट ह्या कायद्यानेंच खुली केली, असा आरोप तिकडे झाला. अखेर १ जुलै २०२३ रोजीं ती ७०,००० डॉलर करण्यांत आली, आणि १ जुलै २०२५ पासून ७६,५१५ डॉलर झाली. मालकाविरुद्ध कांहीं प्रतिकूल माहिती आहे काय, यापूर्वीं त्यानें कामगार-कायदे मोडले आहेत काय, हेंही तपासलें जातें. ह्याखेरीज देशांतील लोकांच्या शिक्षणार्थ मालकास एक कर भरावा लागतो. तो कामगाराकडून वसूल करण्यास कायद्यानें मनाई आहे.

हे नियम ऐकावयास सोपे, पण लावावयास कठीण. आचाऱ्याचेंच उदाहरण घ्या. झटपट खाणें विकणाऱ्या किंवा बांधून देणाऱ्या दुकानासाठीं शेफचें नामनिर्देशन चालत नाहीं. बसून जेवण्याच्या उपाहारगृहासाठीं चालतें. आतां एखाद्या दुकानांत चार टेबलें मांडलेलीं आहेत, गिऱ्हाईक खिडकीशीं उभें राहून पदार्थ मागतें, आणि निम्मा माल घरोघर जातो. तर हें दुकान कोणत्या वर्गांत घालावयाचें? एका अधिकाऱ्यास एक वाटेल, दुसऱ्यास दुसरें. आणि त्या वाटण्यावर तेथील आचाऱ्याच्या बायकामुलांचें पुढचें सारें आयुष्य टांगलेलें असतें.

अधिकाऱ्याच्या एकट्याच्या मतावर माणसाचें भवितव्य सोडलें म्हणजे काय होतें, याचा धडा ऑस्ट्रेलियास स्वतःच्या इतिहासांतच मिळालेला आहे. १९०१ साली त्या देशाचें संघराज्य झालें, आणि त्याच वर्षीं गोऱ्यांखेरीज इतरांस बाहेर ठेवण्यासाठीं एक कायदा झाला. त्यांत रंगाचें नांव नव्हतें. होती ती श्रुतलेखनाची परीक्षा! येणाऱ्यानें अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेंतील पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवावा, असा नियम होता. आम्हीं जन्मभर शाळेंत श्रुतलेखन घातलें. पण विद्यार्थ्यास जी भाषा येत नाहीं तीच मुद्दाम निवडून परीक्षा घ्यावयाची, ही कल्पना आमच्या स्वप्नांतही आली नव्हती. १९३४ साली एगॉन किश नांवाचा प्रागचा बहुभाषी पत्रकार तेथें गेला, तेव्हां तो सरकारास नको होता. म्हणून त्यास स्कॉटलंडमधील गेलिक भाषेंत श्रुतलेखन घातलें! प्रकरण तेथील वरिष्ठ न्यायालयांत गेलें, आणि त्या कायद्याच्या अर्थानें ही युरोपीय भाषा ठरत नाहीं, असा निर्णय होऊन अधिकाऱ्यांचा डाव फसला. ही परीक्षा १९५८ च्या स्थलांतर-कायद्यानें बंद झाली, आणि वर्णभेदाच्या धोरणाचा शेवट १९७३ साली झाला. परंतु अधिकाऱ्याच्या निर्णयावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असली पाहिजे, हें तत्त्व मात्र त्या देशानें हळूहळू पक्कें केलें.

त्या तत्त्वाचें मूर्त स्वरूप म्हणजे फेरविचाराचें न्यायाधिकरण, ज्याला तिकडे ट्रिब्युनल म्हणतात. सरकारी निर्णयांवरील अपिलें ऐकणारें एक सर्वसाधारण न्यायाधिकरण १९७६ पासून काम करूं लागलें. स्थलांतराच्या प्रकरणांसाठीं वेगळें असलेलें न्यायाधिकरण १ जुलै २०१५ रोजीं त्यांत विलीन झालें. पुढें सभासदांच्या नेमणुकांत राजकीय लागेबांधे शिरल्याची ओरड झाली आणि प्रकरणांचे ढीग सांचले. तेव्हां तें बरखास्त करून नवें स्थापन करण्याचा मनोदय त्या देशाचे अॅटर्नी-जनरल मार्क ड्रेफस यांनीं डिसेंबर २०२२ मध्यें जाहीर केला, आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल’ ह्या नांवानें नवें न्यायाधिकरण कामास लागलें.

हें न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडील कोर्ट नव्हे. खालच्या अधिकाऱ्याची चूक काढून दाखविणें, एवढेंच त्याचें काम नाहीं. तें त्या अधिकाऱ्याच्या खुर्चींत स्वतः बसून प्रकरण नव्यानें पाहतें. मालकास पूर्वीं न दिलेले कागद नव्यानें देतां येतात. ताळेबंद, करभरणा, पगारपत्रकें, जागेचा भाडेकरार, पेढींत कोण कोणाच्या हाताखालीं आहे याचा तक्ता, असे सर्व पुरावे तेथें मांडले जातात. एक सभासद समोर बसून प्रश्न विचारतो. सरकारचा वकील बहुधा हजरही नसतो. पेढीची स्थिति अर्जाच्या दिवशीं कशी होती यापेक्षां निर्णयाच्या दिवशीं ती कशी आहे, याला साधारणतः महत्त्व येतें. ह्यांत एक मोठी सोय आहे आणि एक मोठें संकटही आहे. मधल्या काळांत धंदा सुधारला तर नाकारलेली गोष्ट मंजूर होऊं शकते. आणि अर्जाच्या वेळीं भरभराटींत असलेला धंदा मधल्या काळांत बुडाला, तर मंजूर होण्याजोगी गोष्टही हातची जाते.

अपिलाची मुदत अठ्ठावीस दिवसांची आहे, आणि ती वाढवून देण्याचा अधिकार ह्या प्रकरणांत न्यायाधिकरणास नाहीं. एकोणतिसाव्या दिवशीं आलेला अर्ज, कारण कितीही खरें असो, ऐकला जात नाहीं. फी साडेतीन हजार डॉलरांच्या आसपास पडते. निकाल अनुकूल लागल्यास त्यांतील निम्मी परत मिळते.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. नामनिर्देशन नाकारलें गेलें, तर त्यावर अपील कोणी करावयाचें? तें मालकानेंच करावयाचें. ज्या कामगाराचें नांव त्यांत आहे, त्याला तें करतां येत नाहीं. वाक्यांत कर्ता कोण, कर्म कोण, हें ओळखण्यास आम्ही मुलांना शिकवीत असूं. ह्या अपिलाच्या वाक्यांत मालक हा कर्ता आहे, नामनिर्देशन हें कर्म आहे. आणि ज्याच्या पदरांत त्या क्रियेचें फळ पडावयाचें, तो कामगार त्या वाक्यांत कोठेंच नाहीं. फार तर अध्याहृत आहे. मालकानें साक्षीदार म्हणून बोलाविलें तर तो बोलेल. न बोलाविलें तर बाहेर बसेल.

कामगाराचा स्वतःचा व्हिसा नाकारला गेला म्हणजे त्यावर तो स्वतः अपील करूं शकतो, हें खरें. परंतु तेथें त्याला विचारलें जातें तें इतकेंच कीं, तुमच्या मालकाचें नामनिर्देशन मंजूर झालेलें नाहीं, यावर तुमचें म्हणणें काय? ह्या प्रश्नास त्यानें काय उत्तर द्यावें? आपण काम चोख करतों, कर भरतों, मुलें तेथील शाळेंत शिकतात, हें सर्व खरें असूनही त्या प्रश्नाचें उत्तर होत नाहीं. मंजूर नामनिर्देशन नाहीं तर व्हिसा नाहीं, असें कायद्याचें वचन आहे. सभासद कितीही दयाळू असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. कायमच्या व्हिसाच्या बाबतींत तर दुसऱ्या मालकाचें नवें नामनिर्देशन आणून जुन्या अर्जास जोडावें, अशीही सोय नाहीं. नव्या मालकासह सर्व नव्यानें आरंभावें लागतें.

हें अधिक स्पष्ट व्हावें म्हणून एक कल्पित उदाहरण घेतों. सांगलीकडील एक तरुण पाकशास्त्र शिकून मेलबर्नच्या एका उपनगरांतील उपाहारगृहांत शेफ म्हणून लागला. मालक भला मनुष्य. त्यानें कायमच्या व्हिसासाठीं ह्या तरुणाचें नामनिर्देशन केलें. गेल्या वर्षीं धंद्यांत तोटा दिसतो, दोन वर्षें पगार देण्याची ऐपत दिसत नाहीं, असें म्हणून अधिकाऱ्यानें तें नाकारलें. त्यामुळें तरुणाचा व्हिसाही नाकारला गेला. दोघांनींही मुदतींत अपिलें केलीं. सुनावणी येईपर्यंत दोन वर्षें गेलीं. तेवढ्यांत तरुणास मुलगी झाली. इकडे आईवडिलांनीं घराच्या दुरुस्तीसाठीं ठेवलेले पैसे वकिलाकडे गेले. धंदा सांवरला, नफा होऊं लागला. आतां निकाल अनुकूल लागणार, असें वाटूं लागलें असतां मालकानें वयोमानामुळें उपाहारगृह विकलें आणि आपलें अपील मागें घेतलें. नवा मालक ही कायद्याच्या दृष्टीनें निराळी व्यक्ति. जुन्याच्या अपिलांत त्याला सहसा शिरतां येत नाहीं. मालकाचें अपील मिटतांच तरुणाचें अपीलही फळाशीं आलेल्या वेलीचें मूळ कापावें तसें सुकलें. ह्या कथेंत खलपुरुष कोणी नाहीं. कोणीं लबाडी केली नाहीं, कोणीं कायदा मोडला नाहीं. तरी एक संसार उखडला गेला.

शास्त्रार्थाच्या पद्धतीनें येथें पूर्वपक्षही मांडला पाहिजे. पूर्वपक्षी म्हणेल कीं, जागा मालकाची, पैसा मालकाचा, गरज मालकाची. मग ती गरज खरी आहे हें सिद्ध करण्याचा भार आणि अधिकार दोन्ही मालकाचेच असावयाचे. मालकास नको असतां चाकरानें त्याच्या वतीनें भांडावें, हें विचित्र होईल. शिवाय हे कडक नियम परक्या कामगाराच्या रक्षणासाठींच आहेत. बुडत्या पेढ्यांस वाटेल तसें नामनिर्देशन करूं दिलें, तर परदेशांतून आणलेल्या लोकांस पगारावांचून राबविलें जाईल.

ह्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. नियम असावे, ते कडकही असावे. परंतु जागा मालकाची असली तरी त्या जागेभोंवतीं विणलेलें आयुष्य मालकाचें नाहीं. एखाद्या निर्णयानें ज्याचें सर्वाधिक नुकसान व्हावयाचें, त्याला निर्णयापूर्वीं आपलें म्हणणें मांडूं द्यावें, हें न्यायाचें साधें तत्त्व आहे. आणि तें पाळण्यासाठीं मालकाचा अधिकार काढून घेण्याची गरज नाहीं. मालकाच्या अपिलांत कामगारास हितसंबंधी म्हणून नोटीस द्यावी, त्याचे कागद पाहावे, आणि मालकानें अंग काढून घेतलें तर नवा मालक शोधण्यास पुरेसा अवधि देऊनच व्हिसाचें प्रकरण निकालांत काढावें. एवढें केलें तरी पुष्कळ अनर्थ टळेल, असें आमचें नम्र मत आहे.

तेथील सरकारास ह्या पराधीनतेची जाणीव मुळींच नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तात्पुरत्या व्हिसावरील मनुष्याची नोकरी सुटली तर नवा प्रायोजक शोधण्यास पूर्वीं साठ दिवस मिळत. १ जुलै २०२४ पासून एका वेळीं १८० दिवस आणि व्हिसाच्या सबंध मुदतींत एकूण ३६५ दिवस मिळूं लागले. व्हिसाचा धाक घालून कामगाराची पिळवणूक करणें हा त्याच दिवसापासून गुन्हा ठरला. कायमच्या व्हिसासाठीं लागणारी दोन वर्षांची नोकरी डिसेंबर २०२४ पासून एकाच मालकाकडे झालेली असावी असा आग्रहही उरला नाहीं. मान्यताप्राप्त प्रायोजकांकडे केलेली सेवा एकत्र मोजली जाऊं लागली. ह्या सुधारणांनीं दोर सैल झाला. पण त्याचें टोंक अजून मालकाच्याच हातांत आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर पस्तीस दिवसांत न्यायालयांत जातां येतें. परंतु तेथें कायद्याची चूक दाखवावी लागते. निर्णय कठोर आहे, एवढ्यावर न्यायालय हात घालीत नाहीं.

मग आपण घरीं बसून काय करावें? प्रथम, मुलास वा जांवयास प्रेमानें पण स्पष्ट विचारावें कीं, तुझ्या मालकाचें नामनिर्देशन मंजूर झालें आहे, कीं केवळ अर्ज केलेला आहे? मुलीचें स्थळ पाहतांना पगार व शिक्षण यांच्या जोडीनें हाही प्रश्न विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये. दुसरें, पेढी किती वर्षांची आहे, तींत माणसें किती आहेत, पगार वेळेवर बँकेंत जमा होतो कीं नाहीं, याची माहिती घ्यावी. तिसरें, नेमणुकीचें पत्र, पगाराच्या पावत्या आणि कराचे कागद मुलानें स्वतःजवळ नीट जपून ठेवावे. मालकाच्या कपाटावर विसंबूं नये. चौथें, नकाराचें पत्र आलें तर त्याच दिवशीं तारीख लिहून ठेवावी, आणि मालकानें अपील केलें असें तोंडीं ऐकून स्वस्थ न बसतां त्याची पोंच डोळ्यांनीं पाहावी. सल्ला घ्यावयाचा तो नोंदलेल्या सल्लागाराचा किंवा वकिलाचा घ्यावा. ओळखीच्या ओळखीवर भागवूं नये.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नामनिर्देशन करून देतों, त्याबद्दल इतके पैसे द्या, असें कोणीं म्हटलें तर त्याच्या दारांत उभें राहूं नये. असे पैसे मागणें वा घेणें हा डिसेंबर २०१५ पासून तेथें फौजदारी गुन्हा आहे, आणि देणाऱ्यासही दंड होऊन त्याचा व्हिसा रद्द होऊं शकतो. वडिलोपार्जित जमीन विकून किंवा घर गहाण टाकून असें नामनिर्देशन विकत घेणारें कुटुंब पैसा गमावतें तो गमावतेंच. शिवाय उद्यां न्यायाधिकरणासमोर खरें बोलण्याचें बळही गमावून बसतें.

परदेशीं गेलेल्या मुलांस आपण नेहमीं विचारतों कीं, तब्येत कशी आहे, जेवण काय केलें. तें विचारावेंच. पण महिन्यांतून एकदां तुझे कागद कोठवर आले, हेंही विचारीत जावें. नाकारलेल्या अर्जाची गोष्ट पुष्कळ मुलें लज्जेनें घरीं सांगत नाहींत, आणि अठ्ठावीस दिवस मुक्याने निघून जातात. घरच्या वडील माणसानें विचारलेला एक शांत प्रश्न तीं अक्षरें वेळेवर वाचावयास लावील, तर तेवढ्यानेंही एखादें घर वांचेल.